न्यायमूर्ती हिदायतुल्ला

ह्या पानांवर आपण संतांची चरित्रे वाचतो, कीर्तनकारांची वाचतो, कधी एखाद्या दानशूर शेटजींचेही वाचतो. मग एका न्यायाधीशाचे, आणि तेही विलायतेस जाऊन बॅरिस्टर झालेल्या मुसलमान गृहस्थाचे चरित्र येथे कां, असे एखादा माळकरी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, जुन्या चांदा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांतला दावा, मग तो बांधाचा असो की खुनाचा, शेवटी ज्या नागपूरच्या दारात जाई, त्या दारात हा माणूस दहा वर्षे न्याय द्यायला बसला होता. (राजुरा तेवढा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता.) सिरोंच्याच्या माणसाला नागपूर गाठायचे म्हणजे आधी शंभराहून अधिक मैल जंगलाची वाट तुडवून रेल्वेपाशी यायचे आणि मग गाडी धरायची. पावसाळ्यात नदीनाले आडवे. एवढे करून जो तिथे पोचे त्याला एकच आस, की वर बसलेला माणूस आपल्याकडे बघून नव्हे, कागदाकडे आणि कायद्याकडे बघून बोलेल. ती आस फळली की नाही हे ज्याचे त्याला ठाऊक. पण वर बसलेला माणूस कोण होता, हे तरी आपल्याला ठाऊक असावे.

मोहम्मद हिदायतुल्ला ह्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी लखनौस झाला. आजोबा काशीला वकिली करीत. वडील विलायतुल्ला हे मध्यप्रांताच्या सरकारी नोकरीत होते. चांद्याला लागूनच असलेल्या भंडारा जिल्ह्याचे ते डेप्युटी कमिशनर होते, १९२८ साली त्या नोकरीतून मोकळे झाले आणि पुढे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते. उर्दू कवी म्हणून त्यांचा लौकिक नोकरीहून मोठा. घरात तीन मुलगे, त्यांत हिदायतुल्ला धाकटे. बापाच्या नोकरीमुळे मुलांचे शिक्षण आपल्याच मुलखात झाले. मॅट्रिक रायपूरच्या सरकारी शाळेतून १९२२ साली, आणि पुढची चार वर्षे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. तेथे पदक मिळवून ते बी. ए. झाले. मग केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज, लिंकन्स इनची बॅरिस्टरी, आणि १९३० च्या जुलै महिन्यात पुन्हा नागपूर.

परत आले तेव्हा नागपुरास उच्च न्यायालय असे नव्हतेच. ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट होते. उच्च न्यायालय स्थापन झाले ते १९३६ च्या जानेवारीत, आणि सिव्हिल लाइन्समधली ती घुमटाची दगडी इमारत उघडली १९४० च्या जानेवारीत. आमच्याकडची जुनी माणसे तिला नुसते हायकोर्ट म्हणत आणि बोलताना जरा आवाज खाली घेत. वकिलीच्या ह्या दिवसांत हिदायतुल्ला नागपूरच्या नगरपालिकेचे सभासद होते, विद्यापीठाच्या कारभारात होते, लॉ कॉलेजात मुलांना शिकवीत होते.

आता एक गोष्ट सांगावयाची ती आमच्या भागातल्या वाचकांस खटकेल, पण चरित्र सांगायचे तर गाळून चालणार नाही. १९४२ साली ते सरकारी वकील झाले आणि १९४३ साली मध्यप्रांत व वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल. १९४२ म्हटले की चांदा जिल्ह्याला दुसरे काही आठवतच नाही. १६ ऑगस्टला चिमूर पेटले, गोळीबार झाला, अधिकारी मारले गेले, मग फौज आली आणि गावातल्या बायामाणसांवर जे अत्याचार झाले त्यांसाठी प्राध्यापक भन्साळींनी प्राण पणाला लावून उपोषण केले. तुकडोजी महाराजांना त्याच ऑगस्टात पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. अशा दिवसांत सरकारच्या बाजूने उभे राहणारी खुर्ची ज्याने घेतली, तो त्या वेळी लोकांच्या मनात कोणत्या बाजूला मोजला गेला असेल हे सांगायला नको. हिदायतुल्ला चळवळीतले नव्हते. ते कायद्याचे चाकर होते आणि कायदा त्या वेळी परक्याच्या हाती होता. कोणी ह्याला उणेपणा म्हणेल. आम्हीही तो झाकून ठेवीत नाही.

पण त्याच माणसाची दुसरी बाजू पाच वर्षांत दिसली. १९४७ साली देश तुटला. त्यांचे थोरले बंधू इक्रामुल्ला पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. धाकट्या भावाला तिकडे मानमरातबाची वाण पडली नसती. हिदायतुल्ला नागपुरास राहिले. एका आईची लेकरे, एक तिकडच्या दरबारात आणि एक इकडच्या न्यायासनावर. त्या वेळी किती घरांतून अशी भिंत उभी राहिली ती गणतीच नाही. १९४८ साली त्यांनी पुष्पा शहा ह्यांच्याशी विवाह केला. नवरा मुसलमान, बायको त्या धर्मातली नव्हे. फाळणीचे रक्त अजून वाळले नव्हते तेव्हाचा हा विवाह, आणि तो उभय बाजूंनी शेवटपर्यंत निभावला गेला.

न्यायासनावर ते आले १९४६ च्या जूनमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. त्या नागपूरच्या न्यायालयाने देशाला मोठी माणसे दिली. व्हिव्हियन बोस तिथलेच, मुधोळकर तिथलेच. १९५४ च्या डिसेंबरात मुख्य न्यायमूर्ती सिन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्या जागी हिदायतुल्ला बसले. त्या वेळी साऱ्या देशातल्या उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायमूर्तींत वयाने ते सर्वांत लहान.

ह्या दहा वर्षांत आमच्या जिल्ह्यात मोठी उलथापालथ चालली होती. १९५० साली मध्यप्रदेश सरकारने कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या सरकारजमा झाल्या. चांदा जिल्ह्याला हे किती मोठे होते ते बाहेरच्याला कळणार नाही. इकडे जमीनदारी म्हणजे नुसती शेते नव्हेत, मैलच्या मैल जंगल. अहेरीचे जमीनदार राजे विश्वेश्वरराव ह्या कायद्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५२ च्या मे महिन्यात निकाल लागला आणि कायदा टिकला. जंगल राजाचे राहिले नाही, सरकारचे झाले. पण भांडण मिटले नाही, कारण जमीनदारांनी जाता जाता जंगलातले बरेच काही ठेकेदारांना वर्षानुवर्षांच्या कराराने लिहून दिले होते. त्यात मुख्य तेंदूची पाने.

ह्या खटल्याकडे जरा सावकाश पाहू, कारण विषय आपल्या अंगणातला आहे. वैशाख लागला की इकडची घरेच्या घरे पहाटे जंगलात जातात, पाने तोडतात, पुडके बांधतात, फळीवर नेऊन उन्हात वाळत घालतात. विडी ओढणाऱ्याला ह्याची कल्पना नसते. तर प्रश्न असा पडला की, जमीनदाराने ठेकेदाराला जे विकले ते काय? नुसता माल, की जमिनीतला हक्क? माल असेल तर करार पक्का, सरकारलाही तो मानावा लागेल. जमिनीतला हक्क असेल तर जमीन गेली तिच्याबरोबर तोही गेला. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदारांच्या बाजूने कौल दिला होता. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि वाद महादेव विरुद्ध मुंबई राज्य ह्या नावाने पुन्हा वर गेला. तोवर हिदायतुल्लाही दिल्लीस पोचले होते. पुनर्रचनेत नागपूरचे उच्च न्यायालय मोडले, ते जबलपूरला मध्यप्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १ डिसेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १९५९ साली ह्या तेंदूच्या खटल्याचा निकाल त्यांनीच लिहिला.

त्यांचा विचार साध्या भाषेत असा मांडता येईल. बाजारात जाऊन शेरभर दूध घेतले तर तो माल. पण दुसऱ्याच्या गोठ्यात शिरायचे, गाईला चारा घालायचा, पाच वर्षे रोज तिचे दूध काढायचे असा लेख करून घेतला, तर तो नुसता दुधाचा सौदा राहात नाही, गाईवरच हक्क सांगितल्यासारखे होते. ठेकेदारांचे करार वर्षांचे होते, जंगलात शिरण्याचे होते, झुडपे छाटून पालवी आणण्याचे होते. तेव्हा हा जमिनीतलाच हक्क, त्याची नोंदणी व्हायला हवी होती, आणि जमीन सरकारकडे गेली तशी तोही गेला. ठेकेदार हरले. नागपुरात ज्याने उमेदीची वर्षे काढली त्याला तेंदूचे झुडूप काय आणि ते छाटतात कशाला हे कोणी दिल्लीत समजावून सांगावे लागले नसेल, असे आम्हांस वाटते.

एक मात्र बोलून टाकतो. त्या साऱ्या कज्ज्यात एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला ठेकेदार. पाने तोडणारी बाई कुठल्याच बाजूला नव्हती. न्यायाधीशापुढे जे येतात त्यांचाच तो न्याय करतो, जे येतच नाहीत त्यांचे काय करील? तिचे नाव कायद्यात यायला २००६ सालचा वनहक्क कायदा उजाडावा लागला. मग २००९ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि त्यानंतर कित्येक ग्रामसभांनी आपली पाने आपणच विकायला घेतली. पन्नास वर्षे ह्यात गेली. असो, आपण चरित्राकडे वळू.

न्यायाधीश आणि निवडणूक ह्यांचे नाते फार अवघड. अमेरिकेत पुष्कळ राज्यांतून न्यायाधीश मते मागून निवडून येतात. भिंतीवर त्यांचे कागद लागतात, वर्गणी गोळा होते. आपल्या घटनेने तो मार्ग घेतला नाही. येथे न्यायाधीश नेमला जातो, आणि मते मागायची तर आधी खुर्ची सोडावी लागते. हिदायतुल्लांच्या डोळ्यांदेखत हे घडले. १९६७ च्या एप्रिलात सरन्यायाधीश सुब्बा राव ह्यांनी राजीनामा दिला आणि विरोधी पक्षांच्या वतीने ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले. डॉ. झाकिर हुसेन निवडून आले, सुब्बा राव हरले. काल न्यायासनावर होता तो आज उमेदवार, हे अनेकांना रुचले नाही. त्यानंतर वांछू आले आणि २५ फेब्रुवारी १९६८ रोजी हिदायतुल्ला सरन्यायाधीश झाले. ह्या जागेवर बसलेले ते पहिले मुसलमान.

जागा मोठी, पण गादी मऊ नव्हती. पहिल्याच महिन्यात भर न्यायालयात एक माणूस सुरा घेऊन थेट न्यायासनावर चढला. न्यायमूर्ती ग्रोव्हर जखमी झाले. शेजारी बसलेले सरन्यायाधीश आणि न्यायमूर्ती वैद्यलिंगम् ह्यांनीच त्याला आवरायला हात घातला. ज्याच्या हाती लेखणी त्याला वेळ आली तर अंगही झिजवावे लागते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन अकस्मात वारले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण त्यांनाही निवडणुकीस उभे राहायचे होते, म्हणून २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपती नाही, घर बिनकारभाऱ्याचे. अशा वेळी सरन्यायाधीशाने कारभार पाहावा असा कायदा त्याच वर्षी करून ठेवला होता. त्यामुळे २० जुलै १९६९ रोजी नागपूरच्या मॉरिस कॉलेजचा हा विद्यार्थी भारताचा हंगामी राष्ट्रपती झाला. त्याच रात्री तिकडे माणूस चंद्रावर उतरला. अकरा दिवसांनी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले, त्यांचे स्वागत ह्यांनीच केले.

ह्या पस्तीस दिवसांत एक गोष्ट घडली ती लक्षात ठेवण्याजोगी. चौदा बँका सरकारने ताब्यात घेतल्या होत्या. संसदेने विधेयक मंजूर केले आणि ९ ऑगस्टला त्यावर हंगामी राष्ट्रपती म्हणून हिदायतुल्लांची सही झाली. २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन राष्ट्रपती झाले आणि हे आपल्या न्यायासनावर परत गेले. मग तोच बँकांचा कायदा न्यायालयापुढे आला. अकरा न्यायमूर्ती बसले, पण सरन्यायाधीश त्यांत नव्हते. ज्या कागदावर आपली सही आहे त्याचा न्याय आपणच कसा करावा? न्यायमूर्ती शहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९७० च्या फेब्रुवारीत तो कायदा रद्द ठरला. त्याच वर्षी गिरींच्या निवडणुकीविरुद्धचा अर्जही सर्वोच्च न्यायालयात चालला, आणि खुद्द राष्ट्रपती साक्ष द्यायला न्यायालयात आले. त्यांची निवड कायम राहिली.

१९७० सालचे आणखी दोन निकाल सांगतो, आणि दोन्ही आम्हांस सारखे पटत नाहीत हेही सांगतो. केरळचे मुख्यमंत्री नंबुद्रिपाद ह्यांनी जाहीर बोलून दाखविले होते की, न्यायाधीशांचा कल धनवंताकडे असतो आणि गरीब फाटका माणूस समोर असला की तो हरतो. केरळच्या न्यायालयाने त्यांना बेअदबीबद्दल हजार रुपये दंड केला. अपील हिदायतुल्लांपुढे आले. बेअदबी झाली हे त्यांनी मानले, दंड मात्र हजाराचा पन्नास केला. कायद्याने ते बरोबर असेल. पण नंबुद्रिपाद बोलले ते खेडोपाडी माणसे पारावर बसून रोज बोलतात. त्या बोलण्याला दंडाने उत्तर मिळत नाही. हिदायतुल्लांनाही थोडे असेच वाटले असावे, नाहीतर नऊशे पन्नास रुपये माफ कशाला केले असते?

दुसरा संस्थानिकांचा. सरकारने राष्ट्रपतींच्या एका हुकुमाने राजेरजवाड्यांची मान्यता काढली आणि त्यांचे तनखे बंद केले. लोकांना ते आवडले. ज्याच्या घरी चूल पेटायची मारामार, त्याला राजाच्या तनख्याची काय माया? पण न्यायालयापुढे प्रश्न तनखा योग्य की अयोग्य हा नव्हता. घटनेत लिहून दिलेले वचन एका हुकुमाने मोडता येते काय, हा होता. १५ डिसेंबर १९७० रोजी बहुमताने निकाल लागला, हुकूम रद्द झाला. हिदायतुल्लांनी आपला निकाल स्वतंत्र लिहिला, तोही त्याच बाजूचा. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. निवृत्तीच्या आदल्या दिवशी सरकारला न आवडणारा निकाल! पुढच्या वर्षी संसदेने घटनाच दुरुस्त करून तनखे बंद केले, आणि तोच खरा रस्ता होता. तेंदूच्या खटल्यात ज्याच्या लेखणीने जमीनदारांचे ठेकेदार हरले, त्याच्याच लेखणीने येथे राजे जिंकले. पक्षकार कोण आहे हे पाहून लेखणी वळत नव्हती, एवढे तरी दोन्ही कागद शेजारी ठेवले म्हणजे दिसते.

पुढे नऊ वर्षे गेली. मध्यंतरी आणीबाणी आली, गेली, सरकारे बदलली. १९७९ साली दिल्लीत कोणाचाच पाय ठरत नव्हता. जुलैअखेर चरणसिंग पंतप्रधान झाले, ऑगस्टच्या २० तारखेला त्यांनी राजीनामा दिला, दोन दिवसांनी लोकसभा विसर्जित झाली. अशा त्या गोंधळात उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक आली. दोन्ही सभागृहांचे सभासद ह्या पदाला मते देतात. जे पक्ष एकमेकांच्या तोंडाकडे पाहात नव्हते त्यांचे एका नावावर एकमत झाले. हिदायतुल्लांच्या विरुद्ध कोणी उभेच राहिले नाही. मतपत्रिका निघाल्या नाहीत, पेट्या उघडल्या नाहीत. राधाकृष्णन् ह्यांच्यानंतर असे बिनविरोध उपराष्ट्रपती होणारे हे पहिलेच. सुब्बा रावांनी खुर्ची सोडून मते मागितली ती मिळाली नाहीत, ह्यांनी मागितली नाहीत तर मोजायचीही पाळी आली नाही. निवृत्त न्यायाधीशाने असे पद घ्यावेच कां, असे तेव्हाही म्हणणारे होते आणि आजही आहेत. आमचे मत विचाराल तर नऊ वर्षांचे अंतर पडले होते आणि साऱ्या पक्षांनी मिळून बोलाविले होते, म्हणून ह्यांच्या बाबतीत ते बोचत नाही. उद्या एखादा निकाल देऊन परवा पदावर जाईल त्याची गोष्ट निराळी.

३१ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांनी शपथ घेतली. उपराष्ट्रपती म्हणजे राज्यसभेचा अध्यक्ष. १९८० च्या जानेवारीत इंदिराबाई पुन्हा सत्तेवर आल्या तेव्हा राज्यसभेत त्यांच्या पक्षाला बहुमत नव्हते. खालचे घर एकाचे, वरचे दुसऱ्याचे, आणि मधे घंटा घेऊन बसलेला हा जुना न्यायाधीश. १९८० सालीच त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘माय ओन बॉसवेल’. बॉसवेल हा इंग्रजांकडचा नामांकित चरित्रकार. आपला चरित्रकार आपणच, असा त्या नावातला विनोद.

ते उपराष्ट्रपती असतानाच, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेस गेले आणि हिदायतुल्लांनी काही आठवडे पुन्हा राष्ट्रपतिपदाचा कारभार पाहिला. देशाच्या तीन मोठ्या जागा, सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि हंगामी का होईना राष्ट्रपती, एकाच माणसाने भूषविल्या असे दुसरे उदाहरण नाही. ३० ऑगस्ट १९८४ रोजी पाच वर्षे पुरी करून ते घरी गेले, आणि १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. वय शहाऐंशी पुरे होते.

ज्या रायपुरात ते मॅट्रिक झाले तेथे २००३ साली त्यांच्या नावाचे राष्ट्रीय कायदा विद्यापीठ निघाले. नागपूरच्या त्या घुमटाच्या इमारतीत आता मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते, आणि सिरोंचा, भामरागड, कोरचीकडची माणसे आजही कागदाची पिशवी काखेत धरून त्याच पायऱ्या चढतात.